त्वचेची खाज आणि राहून गेलेला प्रश्न

महिनोन्महिने खाज व दाह सोसणारा रुग्ण दवाखान्यात येतो, तेव्हा निदान बहुधा त्याच्या तोंडीच असते. कोणी त्यास ‘अ‍ॅलर्जी’ सांगितलेली असते, तर कोणी ‘टेन्शन’. आपणही यांपैकी एक शब्द उचलतो, त्यास पित्तप्रकोपाची जोड देतो आणि औषधयोजना करून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकही यास अपवाद नाही.

एक मध्यमवयीन शिक्षिका कंबर व जांघांतील खाजेसाठी माझ्याकडे आल्या. अ‍ॅलर्जी म्हणून वांगी, शेंगदाणे, दही त्यांनी आधीच वर्ज्य केले होते. ताण म्हणून झोपेच्या गोळ्याही घेऊन झाल्या होत्या. मी दोन महिने रक्तप्रसादक व पित्तशामक चिकित्सा दिली. उपशय मिळाला नाही. तेव्हा कुठे मी विचारले, ‘वरून काय लावता?’ पर्समधून एक मुडपलेली ट्यूब निघाली. स्टिरॉईड, बुरशीनाशक व जंतुनाशक यांचे ते मिश्रण होते. मूळ व्याधी दद्रु, म्हणजे गजकर्ण. स्टिरॉईडने खाज तात्पुरती शमे, चट्ट्यांच्या कडा पुसट होत. बुरशी मात्र पसरत जाई आणि पातळ झालेल्या त्वचेचा दाह होई. ती ट्यूब औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेली होती.

ताण व अ‍ॅलर्जी ही कारणे मिथ्या आहेत, असे मुळीच नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात अतिचिंतन हे रसवह स्रोतसांच्या दुष्टीचे कारण सांगितले आहे. विरुद्ध आहाराची गणना कुष्ठाच्या हेतूंत केली आहे. माधवनिदानातील शीतपित्ताचे वर्णन, म्हणजे गांधीलमाशी चावल्यासारखा शोथ, कंडू, तोद व दाह, आजच्या अर्टिकेरियाशी पुष्कळ जुळते. परंतु सहा आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या अर्टिकेरियात बाहेरचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ क्वचितच सापडतो. अनेक रुग्णांत स्वतःची प्रतिकारयंत्रणाच मास्ट पेशींना चेतवीत असते. ताणाने हा विकार वाढतो, पण ताण हेच त्याचे एकमेव कारण क्वचितच ठरते. म्हणून सरसकट पथ्याची यादी रुग्णास उगाच कृश करते, आणि ‘मनाचे आहे’ हा शेरा त्याचा, विशेषतः स्त्रीरुग्णाचा, अपमान करतो.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपलीच. पण प्रश्नातच आपण उणे पडतो. घरात आणखी कोणास रात्री खाज सुटते काय? तसे असल्यास प्रथम खरूज शोधावी व सर्व कुटुंबावर एकाच वेळी उपचार करावेत. एकच गांध चोवीस तासांहून अधिक राहून मागे डाग ठेवते काय? तर रक्तवाहिन्यांच्या शोथाची शंका घ्यावी. पुरळ नसताना सर्वांगास खाज आहे काय? यकृत, वृक्क, थायरॉईड व रक्त यांची तपासणी करवावी. ओठ-जीभ सुजून श्वास अडत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. आणि एक अप्रिय प्रश्न स्वतःसही विचारावा: ही खाज आपल्याच औषधाची तर नाही? भल्लातकाने त्वचा पोळते, गुग्गुळाने काहींना पुरळ उठते, हे आपणास अज्ञात नाही.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती आहे. 2018 साली केंद्र शासनाने अनेक स्टिरॉईड मलमे शेड्यूल ‘एच’मध्ये घेऊन चिठ्ठीविना त्यांच्या विक्रीस बंदी केली. ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकास नकार देणे व्यवहारास जड जाते, हे मान्य; तरी तो द्यावा. त्याचप्रमाणे घटकद्रव्ये न छापलेले ‘हमखास गुणकारी’ मलमही फळीवर ठेवू नये. त्यात काय घातले आहे, हे विकणाराच जाणत नसेल, तर लावणाऱ्याने कोणावर विश्वास ठेवावा?

त्या शिक्षिका यथावकाश बऱ्या झाल्या. परंतु वाया गेलेले ते दोन महिने माझ्या खाती आहेत. तेव्हापासून दवाखान्याच्या केसपेपरवर ‘वरून काय लावता?’ हा प्रश्न मी छापूनच घेतला आहे.