कोरी वही कोणाची?



महापालिकेची शाळा असो, जिल्हा परिषदेची असो की एखाद्या संस्थेची अनुदानित शाळा असो, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एक तक्रार हमखास ऐकू येते. मुले गृहपाठ करीत नाहीत. निम्म्या वह्या येतच नाहीत. ज्या येतात त्यातल्या काही प्रार्थनेच्या आधी दुसऱ्याची वही पुढ्यात ठेवून लिहिलेल्या असतात. बाई रागावतात, गुरुजी वैतागतात, आणि शेवटी "जाऊ द्या, पालकांनाच पडलेली नाही" असे म्हणून गप्प बसतात. हे गप्प बसणे रागावण्यापेक्षा वाईट. शिक्षकाने आशा सोडली की मुलाचे नुकसान सुरू झाले.

"त्यांना पगार मिळतो, शिकवू दे की!" असे आपल्यापैकी काही जण बोलून मोकळे होतात. थोडा हिशेब करून पाहू. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. एका वहीला दोन मिनिटे दिली तरी ३५ वह्यांना ७० मिनिटे लागतात, म्हणजे शाळेचे जवळजवळ दोन तास. ती वेळ शाळेत मिळत नाही म्हणून बाई वह्यांचा गठ्ठा घरी नेतात. त्यांच्याही घरी चूल आहे, मुले आहेत. शिवाय जनगणना आणि निवडणूक ही कामे कायद्यानेच त्यांच्या गळ्यात आहेत. एवढे करून सकाळी हाती कोरी वही आली, तर माणसाला राग येणारच.

पण मूल आळशी आहे, एवढे म्हणून प्रश्न सुटतो का? जरा आपल्या घरात पाहू. एकच खोली. तिथेच स्वयंपाक, तिथेच टीव्ही, तिथेच पाहुणा. संध्याकाळी नळाला पाणी येते, तेव्हा हंडे भरायला मूलच लागते. आई चार घरची कामे करून दिवेलागणीला येते. तोवर मोठ्या मुलीने भात टाकलेला असतो, धाकट्याला कडेवर घेतलेले असते. तिने वही उघडायची कधी? २०२० साली करोनात शाळा बंद झाल्या तेव्हापासून कितीतरी ठिकाणी गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागला. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात. बाप दुसऱ्या पाळीला. तो रात्री घरी येतो तेव्हा पोर झोपलेले असते. सकाळी बाई विचारतात, "मेसेज पाहिला नाहीस का?" पोर खाली मान घालते. बाईंना वाटते, निगरगट्ट आहे.

दुसरे कारण याहून खोल आहे. पुष्कळ मुलांना गृहपाठ करता येत नाही, म्हणून ती करीत नाहीत. सहावीतले मूल प्रश्नच अडखळत वाचत असेल, तर उत्तर कुठून लिहिणार? "येत नाही" असे सांगायची लाज वाटते. "विसरलो" म्हणणे सोपे. मग शिक्षा म्हणून त्याला वर्गाबाहेर उभे करतात. बाहेर उभे राहिल्याने त्या दिवसाचा धडा बुडतो. धडा बुडाल्याने पुढचा गृहपाठ जमत नाही. मग शिक्षा चुकवण्यासाठी मूल शाळाच चुकवते. गळती अशी एका कोऱ्या वहीपासून सुरू होते. मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, हे पालकांनी माहीत करून घ्यावे. आणि घरी आपला हात उचलताना तेच आठवावे.

आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही, असे अजून काही जण धरून चालतात. ते दिवस गेले. महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात बसावे लागते. कोऱ्या वहीची किंमत आता लवकर मोजावी लागणार आहे.

गृहपाठ किती असावा, हेही सांगितले पाहिजे. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीने प्राथमिक वर्गांना नेहमीच्या पद्धतीचा गृहपाठ देऊ नये, असे सुचवले होते. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीला रोज फार तर एक तास, आणि नववीच्या पुढे रोज दोन तास. म्हणजे सातवीच्या मुलासाठी आपल्याला रोजचा एक तास जपायचा आहे. एका मालिकेची वेळ आणि थोडी वर, एवढेच.

"आम्ही अंगठाबहाद्दर, आम्ही काय अभ्यास घेणार?" असे पालक म्हणतात. बाबासाहेब मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहून शिकले. खोली सामानाने आणि माणसांनी भरलेली. सुभेदार रामजी स्वतः रात्री जागे राहत आणि दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवत. पुढे १९०७ साली ते मॅट्रिक झाले. सुभेदार शिकलेले होते हे खरे, परंतु रात्री दोन वाजता त्यांनी मुलाला दिले ते शांतता आणि झोपेतला वाटा. ते द्यायला अक्षरओळख लागत नाही.

तेव्हा घरी एवढे करून पाहा. रोजची एक वेळ ठरवा आणि त्या वेळी टीव्ही व फोन बंद ठेवा, मोठ्या माणसांचासुद्धा. मुलाला म्हणा, "आज काय लिहिलेस ते मला वाचून दाखव." तुम्हाला वाचता येत नसले तरी ते अडखळते कुठे, हे कानाला कळते. मुलगा अभ्यासाला बसला असेल तेव्हा मुलीला भांड्यांना बसवू नका. दोघांची वही सारखीच. प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणू नका, त्यात दुकानदाराचा अभ्यास होतो. आणि बाईंना जाऊन मोकळेपणी सांगा की फोन रात्री घरी येतो, गृहपाठ फळ्यावरून वहीत उतरवून द्या. खरे कारण कळले की बहुतेक शिक्षकांचा राग निवळतो.

घरात जागाच नसेल तर वस्तीतले विहार आहे. कितीतरी विहारांत अभ्यासिका चालतात. जिथे नाही तिथे संध्याकाळी सात ते आठ दार उघडे ठेवायला, एक दिवा लावायला आणि कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला किंवा मुलाला तिथे बसवायला फार पैसा लागत नाही. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा वह्या-पेन्सिलींना गेला, तर जयंती वर्षभर चालेल.

शिक्षकांनाही एक विनंती. कोरी वही दिसली की आधी "का केला नाहीस?" असे न विचारता "कुठे अडले?" असे विचारून पाहा. आपल्या मुलांतली पुष्कळ जण घरातली पहिली शिकणारी आहेत. त्यांच्या पाठीशी घरात कोणी नाही, वर्गात तुम्ही आहात.

वही मुलाची असली, तरी ती कोरी राहते तेव्हा घर, शाळा आणि वस्ती अशा तिघांचे काम अपुरे राहिलेले असते. आज रात्री जेवणाआधी मुलाचे दप्तर उघडा आणि वही हातात घ्या. कामाची सुरुवात तिथून होईल.