हेल्मेट आहे, पण कठडा कुठाय?

यंदा हॉस्टेलला रंग लागला तेव्हा माझ्या खिडकीसमोर बांबूची परांची होती. तिसऱ्या मजल्यावर दोन फळ्यांवर एक रंगारी उभा. डोक्यावर हेल्मेट, पण बाजूला कठडा नाही. मुकादमांना विचारलं, तर म्हणाले, "हेल्मेट दिलंय की साहेब, सेफ्टी झाली!"

इथेच आपली गफलत होते. कामाची जागा सुरक्षित ठेवणं हे मालकाचं कर्तव्य, हा झाला सर्वसाधारण नियम. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याची जागा नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या संहितेने घेतली, तरी हे कर्तव्य कायम आहे. पण परांचीसाठी आयएस 3696 हे वेगळं मानक आहे. कठडा, फळ्या, पाया यांचा विचार त्यात येतो. हेल्मेट डोकं वाचवतं, माणसाला पडण्यापासून नाही.

उलटंही खरं. परांची अगदी मानकाप्रमाणे बांधली, पण भर उन्हात रंगाऱ्याला भोवळ आली तर? तिथे सर्वसाधारण कर्तव्यच कामी येतं. म्हणजे एक नियम पाळला म्हणून दुसरा सुटत नाही.

मी वॉर्डन सरांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी कठडा लागला. त्याला लागले फक्त चार बांबू आणि थोडा सुंभ, आणि तेही आवारातच पडून होते!

उद्या साइटवर सही आपली असेल. "हेल्मेट दिलंय" एवढ्यावर ती करायची का, हे आजच ठरवूया.