मोरचूद कशातून येते, हेही विचारा

लोणी काळभोर, थेऊर, उरुळी कांचन या पट्ट्यातला भाजीपाला उत्पादक करप्यासाठी मोरचूद आणतो. दुकानात भाव विचारतो, पण माल कशापासून बनला हे विचारीत नाही. ते आता विचारले पाहिजे.

वर्षाला चार लाख टन क्षमतेचा तुतिकोरिनचा तांबे कारखाना मे २०१८ मध्ये बंद झाला आणि शुद्ध तांब्याची निर्यात करणारा आपला देश आयातदार बनला. हाच कारखाना आधी रत्नागिरीत व्हायचा होता. आंबा बागायतदार व ग्रामस्थांच्या विरोधामुळे १९९३-९४ मध्ये तो तिथून हलला. तांब्याची ओढ असली, की भट्टीची मळी, धुराड्यातली धूळ आणि भंगार यांनाही मोल येते. त्यात तांबे उरलेले असते. ते वाया घालवू नये, हे खरेच.

रीत अशी : हा माल सौम्य गंधकाम्लात भिजवतात. तांबे विरघळून निळे पाणी होते. त्यात भंगार लोखंड टाकले की तांबे लोखंडावर बसते. नाहीतर पाणी शुद्ध करून आटवले की मोरचुदाचे खडे मिळतात. बोर्डो मिश्रणात विळा बुडवून तांबूस थर चढतो का, हे आपण बघतो आणि चढला तर चुन्याची निवळी वाढवतो. तीही हीच क्रिया.

खरी गोम पुढे आहे. धुराड्यातल्या धुळीत शिसे असते, सोमल म्हणजे आर्सेनिकही असते. शिसे बहुतेक गाळात राहते. सोमल मात्र तांब्याबरोबर पाण्यात उतरतो. शुद्धीकरणात कसूर झाली, तर तो खड्यात येतो. गाळ ओढ्याकाठी टाकला, तर विष विहिरीत उतरते.

खत म्हणून विकल्या जाणाऱ्या मोरचुदात तांबे किमान २४ टक्के हवे आणि शिसे ०.००३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असे खत नियंत्रण आदेश सांगतो. निळाशार रंग म्हणजे शुद्धता नव्हे. सुटा माल घेऊ नका. छापील प्रमाण असलेली बंद पिशवी घ्या, पक्की पावती मागा.

ग्रामसेवक, सरपंचांनीही ध्यानात ठेवावे. तांबे काढायची शेड टाकतो म्हणून कुणी आले, तर दाखल्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांखालचे अधिकारपत्र बघा. चार पोरांना काम मिळेल, एवढ्यावर भुलू नका. तांबे खुशाल काढा म्हणावं, पण गाळ कुठे जाणार, ते आधी लेखी घ्या.