महानगर : शब्दाचा मान आणि डोक्यांची मोजणी

‘महानगर’ हा शब्द इंग्रजी ‘मेट्रोपोलिस’वरून पाडलेला आहे, असे आमचे कित्येक सुशिक्षित बांधव बिनदिक्कत सांगतात. हा समज आम्हांस साफ अमान्य आहे. ‘नगर’ या पदाने संपणाऱ्या शब्दांच्या उच्चाराचा स्वर सांगताना पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात ‘महत्’ आणि ‘नव’ ही पूर्वपदे नियमातून वगळली आहेत. ज्या शब्दासाठी व्याकरणकाराला अपवाद सांगावा लागला, तो परका कसा ठरेल?

ग्रीक शब्दाचा अर्थ तर निराळाच आहे. ‘मेतेर’ म्हणजे माता, ‘पोलिस’ म्हणजे नगरी. कॉरिंथच्या लोकांनी इ.स.पूर्व आठव्या शतकात सिसिलीत सिराक्यूज वसविले. म्हणून कॉरिंथ ही त्याची मातृनगरी. वसाहतीला निघालेले लोक मातृनगरीच्या पवित्र अग्निकुंडातील अग्नी सोबत नेत, अशी तेथील रीत होती. एका शब्दात थोरवी आहे, दुसऱ्यात मातृत्व. शिरगणती दोहोंतही नाही.

ती आणली कायद्याने. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांस महानगर क्षेत्र ठरविण्याची सोय केली. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनेही दहा लाखांचाच आकडा धरला. पुढे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेने महानगर दंडाधिकारी हे पदच काढून टाकले. जे कायदा एका कलमाने देतो आणि दुसऱ्याने काढून घेतो, ते थोरपण नव्हे.

कोणी म्हणेल, पाणी, गटारे, रस्ते यांची तजवीज करावयाची तर आकडा हवाच. हवा, कायद्याला मोजमाप लागते, हे वकिली करणारे आम्ही जाणतो. आमचा आक्षेप आकड्याला मानपत्र समजण्यावर आहे. या हव्यासापायी हद्दवाढ मागितली जाते आणि तिच्या पोटात शेजारची गावे, त्यांची तळी, देवराया, ग्रामदेवतेचे जत्रेचे माळ गडप होतात. आकडा भरतो, गाव मात्र उरत नाही.

सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. त्यांचे कुळावी आज बेळगाव, मुंबई, मंगळूर येथे पांगले आहेत. तरी नवस फेडावयास त्यांची पावले त्या लहानशा गावांकडेच वळतात. इंदूर-बडोद्याच्या कित्येक मराठी घरांना जेजुरी तशीच आहे. या गावांत दहा लाख डोकी नाहीत; पण मातृनगरी म्हणावयाचे तर यांनाच म्हणावे लागेल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : सरकारी दप्तरात आकडा खुशाल राहो. ‘महानगर’ हा शब्द मात्र ज्या नगराने बाहेरून आलेल्यास आसरा, त्याच्या मुलांस विद्या आणि त्याच्या देवास व भाषेस जागा दिली, त्याच्यासाठीच आपण राखून ठेवावा. शब्द आपला आहे. त्याचा मान राखणे हेही आपलेच काम आहे.