भाचीचा टॅब आणि जुना ‘किशोर’

परवा ताईकडे उमापूरला गेलो होतो. भाचीसाठी टॅब नेला, त्यात एक ‘इंटरॅक्टिव्ह’ पुस्तक. बोट लावलं की हत्ती सोंड हलवतो वगैरे. पोरगी खूश. तेवढ्यात रेंज गेली आणि हत्तीच्या जागी नुसतं गोल गोल चाक फिरत बसलं!

मग मी आधीच उतरवून ठेवलेला ‘किशोर’ उघडला. बालभारतीने १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर फुकट ठेवलेत. साधी स्कॅन केलेली पानं, काही हलत नाही, बोलत नाही. पण उघडतात, आणि भाची तासभर उठली नाही.

मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे लिहिताना जरा कसंतरीच होतंय. पण अशी पुस्तकं बनवायला ॲपलने २०१२ साली आणलेलं ‘आयबुक्स ऑथर’ २०२० मध्ये बंदच केलं. ॲपचं अपडेट थांबलं की आज ना उद्या पुस्तकही उघडेनासं होतं. त्यापेक्षा परितेवाडीच्या डिसले गुरुजींची आयडिया मला पटते : छापील पुस्तकावरच क्यूआर कोड. रेंज असेल तर व्हिडिओ बघा, नसेल तर धडा हातात आहेच. आपण मात्र पुण्यात वायफायवर टेस्टिंग करून मोकळे होतो.

असो. काल भाचीचा फोन आला, “मामा, आणखी किशोर हायेत का?”