न्यायासनाकडून राजभवनाकडे

न्यायमूर्ती महंमद करीम छागला हे मुंबईचे भूषण होते, याविषयी दुमत नाही. १९४१ मध्ये ते वकिली सोडून उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर गेले आणि १९४७ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. १९५८ मध्ये त्यांनी मुंदडा प्रकरणाची चौकशी जाहीरपणे केली. अर्थमंत्री कृष्णम्माचारींना खुर्ची सोडावी लागली. आणीबाणीतही ते गप्प बसले नाहीत. म्हणूनच त्यांचे उदाहरण घ्यावयाचे. क्षुद्र माणसाच्या वर्तनावरून प्रथेचा दोष सिद्ध होत नसतो.

१९५६ च्या अखेरीस, संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला असताना, हेच मुख्य न्यायाधीश काही आठवडे हंगामी राज्यपाल होते. नंतर ते पुन्हा न्यायासनावर परतले! १९५८ मध्ये सेटलवाडांच्या विधी आयोगाने निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पद स्वीकारू नये, असे बजावले. त्या आयोगाचे एक सदस्य होते छागला. त्याच वर्षी ते अमेरिकेत राजदूत म्हणून गेले आणि १९६३ मध्ये केंद्रीय मंत्री झाले.

घटना समितीत १९४९ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी अशा नेमणुकांवर बंदी मागितली होती. न्यायालयांपुढील वादांत सरकारचा संबंध क्वचितच येतो, असे डॉ. आंबेडकरांचे उत्तर होते. तेव्हा ते खरे असेलही. आज सरकार हाच देशातील सर्वांत मोठा पक्षकार आहे. सरकारचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला घटनेने निवृत्तीनंतरचे सरकारी पद वर्ज्य केले. मग सरकारची कृत्ये तपासणाऱ्या न्यायाधीशाला मोकळीक कशासाठी?

या मोकळिकीतूनच माजी सरन्यायाधीश सदाशिवम् २०१४ मध्ये केरळच्या राजभवनात पोचले. न्यायमूर्ती अब्दुल नझीर २०२३ च्या जानेवारीत निवृत्त झाले आणि फेब्रुवारीतच आंध्रचे राज्यपाल म्हणून नेमले गेले. त्यांनी न्याय विकला, असा आमचा आरोप नाही. प्रश्न आहे तो भांडुप-मुलुंडच्या बंद कारखान्यातील कामगाराचा, घाटकोपरच्या टेकडीवर बुलडोझरची वाट पाहणाऱ्या झोपडीवासीयाचा. त्याचा खटला सरकारविरुद्ध असतो. समोरच्या न्यायमूर्तींची पुढची नेमणूक त्याच प्रतिवादीच्या हाती असेल, तर प्रतिकूल निकाल त्याने कोणत्या विश्वासाने स्वीकारावा?

न्यायाधीशांना निवृत्तीनंतर पूर्ण वेतनाइतके निवृत्तिवेतन द्या; जनता तो भार आनंदाने उचलेल. परंतु राज्यपालपद, राजदूतपद, मंत्रिपद आणि राज्यसभेची नियुक्ती त्यांना घटनादुरुस्तीने कायमची बंद करा. छागलांसारख्या थोर माणसालाही जो मोह आवरला नाही, तो आवरण्याची जबाबदारी एकेकट्या न्यायाधीशाच्या सद्सद्विवेकावर सोपवून चालणार नाही.