मरत्या डिस्कची परीक्षा

परवा मामेभावाचा फोन आला. "ताई, डिस्क टकटक वाजत होती गं. एकाने सांगितलं म्हणून रात्रभर बॅडब्लॉक्स लावून ठेवलं. सकाळी डिस्क दिसतच नाहीये."

त्या डिस्कवर आजीच्या आवाजातल्या ओव्या आहेत. होत्या म्हणू की आहेत, अजून ठरवलेलं नाही. दुसरी कॉपी कुणाकडेच नाही.

त्याला फोनवर काही बोलले नाही. इथे बोलते, निम्मं घर ब्लॉग वाचतंच.

बॅडब्लॉक्स ही लिनक्सवरची साधी कमांड. डिस्कचा एकेक ब्लॉक वाचून बघते, वाचता आला नाही तर त्याचा नंबर छापते. बस्स. वाचलेलं कुठे ठेवत नाही, फेकून देते! म्हणजे डिस्कमध्ये एक शेवटचं वाचन होण्याइतकाच जीव उरला असेल, तर तो आपण नंबरांची यादी करण्यात घालवायचा. त्या यादीचं काय लोणचं घालायचंय?

तेच वाचन जीएनयू डीडीरेस्क्यूने केलं असतं तर? ती कमांड आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेते, अडलेल्या जागांकडे नंतर वळते, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवते. मध्येच वीज गेली तरी पुढे चालू करता येतं. तपासणी काय, नंतरही होते.

आणि "डॅश डब्ल्यू लाव, डिस्क दुरुस्त होते" असं सांगणारे महाभाग! डॅश डब्ल्यू सगळ्या डिस्कवर नवं लिहितं. दुरुस्ती होवो न होवो, ओव्या नक्की गेल्या.

तुम्ही म्हणाल, मग ही कमांड आहे कशाला? नव्या, रिकाम्या डिस्कसाठी! तिथे खुशाल डॅश डब्ल्यू चालवा. चार वेगवेगळे नमुने लिहून परत वाचते, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. २ टीबीच्या फिरत्या डिस्कला दीड-दोन दिवस सहज लागतात. आमच्याकडे कुणाला तेवढा धीर नसतो. डिस्क आणली की त्याच संध्याकाळी लग्नाचे फोटो आत. परीक्षा घ्यायची आठवण होते ती डिस्क शेवटच्या घटका मोजू लागल्यावर.

बरं, शून्य बॅड ब्लॉक आले म्हणूनही हुरळू नका. हल्लीच्या डिस्क खराब सेक्टरच्या जागी गुपचूप राखीव सेक्टर वापरतात. बॅडब्लॉक्सला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी स्मार्टसीटीएलमध्ये रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे आकडे बघावे लागतात. वाढताना दिसले की कॉपी करायला बसा, आकड्यांवर चर्चा नको.

असो. भाऊराया, डिस्क पुन्हा जोडून बघू नकोस. स्पंजात गुंडाळून पाठव. आणि ज्याने सल्ला दिला त्याचा नंबरही पाठव.